गावाची खोली, राजधानीतली

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला जाऊन आलो. निमित्त होतं एका पत्राचं. आमचं गाव मालवण तालुक्यात, आणि गावाच्या मुंबई मंडळाची गिरगावात एक खोली आहे. 'इमारत पुनर्विकासाला जात आहे, महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे, ज्यांच्या ट्रंका अजून माळ्यावर असतील त्यांनी घेऊन जाव्यात,' असं मंडळानं कळवलं होतं. एक ट्रंक माझ्या आजोबांची. लेक वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "बाबा, खोली पाडायच्या आधी मला मोजायची आहे." मग ठरलं, नुसती ट्रंक उचलून यायचं नाही. चार दिवस राहायचं, आणि या राजधानीत आपल्या लोकांनी जे उभं केलं त्यातलं काय उरलंय ते पायी फिरून बघायचं.

पहिला दिवस, गुरुवार: गिरगाव

कोकणकन्येनं पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरवलं. अंधारातच टॅक्सी करून गिरगाव गाठलं. वाडीच्या तोंडाशी दूधवाला, पेपरवाला आणि फुलवाली एवढेच जागे होते. लाकडी दादर चढताना प्रत्येक पायरी वेगळ्या आवाजात करकरत होती. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला, आमची खोली.

नाना दारातच उभे. वय ७८. १९६४ साली गावातून आले आणि लालबागच्या गिरणीत लागले, तेव्हापासून या खोलीचे रहिवासी आणि आता रखवालदार.

"इलंस? ये. पयली चाय घे, मगे ट्रंक बघ," एवढं बोलून ते स्टोव्हकडे वळले.

ज्यांनी अशी खोली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. कोकणातल्या कित्येक गावांच्या अशा खोल्या गिरगाव, डोंगरी, माझगाव, चिंचपोकळी, लालबाग भागात होत्या, काही अजून आहेत. खोली एका माणसाची नसते, गावाची असते. गावातून मुंबईला आलेला कोणीही पुरुष ठरलेली वर्गणी भरून तिथे राहू शकतो. नोकरी लागेपर्यंत वर्गणी उधार. जेवण खानावळीत. बायकामुलं गावी. आमची खोली १५ फूट बाय १२ फूट, एका कोपऱ्यात मोरी, वर माळा.

"हयसर तीस माणसां रवत," नाना सांगत होते. लेकीनं डोळे विस्फारले, तसे म्हणाले, "एकदम नाय गो चेडवा. पाळी आसायची. रातपाळीवालो इलो की दिसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळायची आणि आपली पसरायची."

गिरणीच्या तीन पाळ्यांवर खोलीचं झोपणं बसवलेलं होतं. म्हणजे १८० चौरस फुटांच्या खोलीचा चोवीस तास वापर. लेक टेप काढून कामाला लागली. भिंतीला लाकडी खुंट्या होत्या. तिनं मोजल्या, ३१ भरल्या. प्रत्येक खुंटी एकेका माणसाची, त्याचा सदरा आणि पिशवी तिथेच. माणूस मेल्यावर किंवा गावी कायमचा गेल्यावरच त्याची खुंटी सुटायची. नाना एकेका खुंटीवर बोट ठेवून माणूस सांगू लागले आणि लेक आकडे घालून नावं लिहू लागली. हे काम चार दिवस चाललं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. पुढे बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या कधी चालल्याच नाहीत. आमच्या खोलीतले निम्म्याहून जास्त लोक दीडेक वर्षात गावी परतले. नाना राहिले, एका गोदामावर रात्रीची राखण करत. मला वाटत होतं, त्यानंतर खोली ओस पडली असेल. तसं झालं नाही. खोलीचं काम बदललं. केईएमला, टाटाला पेशंट घेऊन येणारी गावातली माणसं तिथे उतरू लागली. पोलीस भरतीची, रेल्वेच्या परीक्षेची पोरं येऊ लागली. माझ्या वडिलांच्या उपचारांच्या वेळी मी स्वतः २३ रात्री त्या खोलीत काढल्यात. रात्री दोनला इस्पितळातून आलो तरी कोणी ना कोणी उठून दार उघडायचं, आणि झाकून ठेवलेला भात पुढे सरकवायचं. त्या भाताची किंमत मला ठाऊक आहे.

दुपारी ट्रंक उतरवली. पत्र्याची, हिरव्या रंगाची. झाकणाच्या आत आजोबांचं नाव, गाव, पोस्ट, तालुका. आत डबलबारी भजनाच्या, म्हणजे दोन बुवांच्या जुगलबंदीच्या, गजरांची वही, गिरणीचा पास, आणि जाड पुठ्ठ्याचं एक वर्गणीचं पुस्तक. गावच्या शाळेवर घालायच्या कौलांसाठी ही वर्गणी जमवली होती. एक रुपया, आठ आणे, दोन रुपये. साल १९५६. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चांवर गोळ्या चालत होत्या. त्या लढ्यात १०६ जण गेले असं आपण म्हणतो, आणि १ मे १९६० ला ही मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली. हुतात्मा चौकातल्या स्मारकात मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी उभे आहेत. आमच्या खोलीत ही दोन्ही माणसं एकाच वळकटीत झोपायची. गावी शेतकरी, इथे कामगार.

संध्याकाळी खोताच्या वाडीत गेलो. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी वसवलेली ही वाडी. पुढे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनी इथे जागा घेऊन उतरत्या छपरांची, लाकडी जिन्यांची, ओसरीची घरं बांधली. एके काळी अशी ६५ घरं होती, आता तिशीच्या आत आली आहेत. गल्लीतल्या क्रूसापुढे मेणबत्ती होती, दारांवर नाताळचे कंदील लागले होते, आणि त्या सगळ्याच्या मागे एक टॉवर आभाळात घुसलेला. लेक बराच वेळ एका ओसरीकडे बघत उभी राहिली. आमच्या गावातल्या घराची पडवी तिला तिथे दिसत होती.

गिरगावातली नावं मोठ्यानं वाचत चालावं, असं मला वाटतं. मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, केळेवाडी. आमच्याकडे सिंधुदुर्गात भाट म्हणजे माडांची बाग. म्हणजे इथे बागा होत्या, शेतं होती. गुरं चरायला न्यायचा रस्ता म्हणून चर्नी रोड, असं जुने लोक सांगतात. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक या तिन्ही ठिकाणी पाणी कधीच बुजलंय, नाव तेवढं बसच्या पाटीवर आहे. सात बेटं जोडत, भर टाकत शहर वाढलं, तेव्हा आधी तळी आणि मग बागा गेल्या. १८९६ च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्त्या तोडून रुंद रस्ते काढले गेले. म्हणजे पाडापाडी या शहराला नवी नाही, आणि प्रत्येक पाडापाडी वाईटही नव्हती. दहा बिऱ्हाडांत एक संडास असलेल्या चाळीचं गुणगान मी गाणार नाही. नानांना रात्री दोनदा उठून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, तेही या वयात.

जाणाऱ्यांसाठी: गिरगाव बघायचं तर सकाळी आठच्या आत किंवा रविवारी. मेट्रो ३ चं गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालंय, त्यामुळे पोहोचणं फार सोपं. वाड्या खासगी आहेत, लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढू नयेत, आधी विचारावं. पणशीकरांचं पियूष चुकवू नये. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम मात्र बंद होऊन बरीच वर्षं झाली, तिथल्या माशांच्या ताटाच्या आशेनं जाऊ नये.

दुसरा दिवस, शुक्रवार: बाणगंगा आणि वरळी कोळीवाडा

पहाटे बाणगंगेवर. मलबार हिलच्या उंच इमारतींच्या मधून पायऱ्या उतरत गेलो की एकदम तळं दिसतं. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तळ्याचं पाणी गोड, आतल्या झऱ्याचं. रामानं बाण मारून पाताळातलं पाणी वर आणलं, ही कथा. वाळूचं लिंग केलं म्हणून वाळकेश्वर. शिलाहार राजांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी ११२७ मध्ये तळं बांधलं, आणि १७१५ मध्ये रामा कामतींनी देऊळ पुन्हा उभारलं, असं सांगितलं जातं. म्हणजे इंग्रज, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी या बेटाला दगडी पायऱ्या होत्या.

२०२४ मध्ये गाळ काढायला आत उतरवलेल्या यंत्रानं याच पायऱ्या दुखावल्या होत्या. नऊशे वर्षांच्या पायरीवर लोखंडी साखळ्यांचं यंत्र चढवावं, हे कुणाला सुचू तरी कसं शकतं? तिथे दशक्रियेला बसलेल्या कुटुंबाकडे बघताना मला एक जाणवलं. तळं टिकलंय ते कुणाच्या कागदी यादीमुळे नाही. रोज कुणाचं तरी क्रियाकर्म, कुणाची तरी पोहायची सवय, कुणाच्या तरी बदकांना दाणे टाकणं त्या पायऱ्यांवर चालू आहे म्हणून. वापर थांबला असता तर हीसुद्धा एक पाटी झाली असती, 'बाणगंगा टँक रोड' अशी.

तिथून मेट्रोनं वरळी, पुढे टॅक्सी. कोळीवाड्यात शिरताच वास बदलला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. अरुंद बोळ, दाराशी जाळी विणत बसलेला म्हातारा, ओट्यावर मांदेली निवडणाऱ्या बायका. टोकाला वरळीचा किल्ला, इंग्रजांनी बांधलेला, लहानसा. त्याच्या खाली होड्या. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू, २००९ मध्ये सुरू झालेला, आणि त्याला येऊन मिळालेला नवा किनारी रस्ता.

गोल्फादेवीच्या देवळात कौल लावतात, म्हणजे देवीला विचारून होकार-नकार घेतात. आमच्या गावच्या देवळातही कौल लागतो, त्यामुळे लेकीला म्हटलं, "बघ, मुंबईच्या पोटातलं कोकण." गाभाऱ्यात तीन देवी, गोल्फादेवी, साकबादेवी, हरबादेवी. या शहराचं नावसुद्धा कोळ्यांच्या मुंबादेवीवरून आलंय, आणि तिचं मूळ देऊळ बोरीबंदरापाशी होतं, तिथून ते हलवावं लागलं. शहरानं नाव घेतलं आणि देवीला जागा बदलायला लावली.

होड्यांपाशी एक कोळीण जवळा पाखडत बसली होती. साठीची. लेक शेजारी बसली आणि सुपात हात घातला, तशी ती बोलती झाली. पूर्वी जवळा आणि बोंबील सुकवायला मोकळी वाळू होती, आता तिथे गाड्या उभ्या असतात. भर टाकल्यापासून खडकातली कालवं, शिंपल्या गेल्या. ते काम बायकांचं, रोजच्या भाजीचे पैसे त्यातून निघायचे. "पुरुषांच्या होड्यांची मोजणी झाली," ती म्हणाली, "आमच्या टोपल्यांची कुणी केली न्हाय."

या वाक्यानं मला थांबवलं. किनारी रस्त्याचे खांब ६० मीटर अंतरावर घालायचे होते. वाऱ्यात आणि ओढीच्या पाण्यात तेवढ्या फटीतून होडी काढणं म्हणजे जिवाशी खेळ, असं इथले कोळी वर्षानुवर्षं सांगत राहिले, कामं अडवून बसले. शेवटी एक खांब वगळून अंतर १२० मीटर केलं गेलं. लहान गोष्ट नाही ही. राजधानीच्या मोठ्या रस्त्याचा आराखडा समुद्र ओळखणाऱ्या माणसांनी बदलायला लावला. पण वाळूवरच्या सुकटीसाठी, खडकातल्या कालवांसाठी तसा मीटर कुठून आणणार? जागा कुणाच्याच नावावर नव्हती. सगळ्यांची होती.

सातबारावर आमच्याकडे एक शब्द असतो, 'सामाईक'. खळं सामाईक, विहीर सामाईक, देवराईकडे जाणारी पायवाट सामाईक. मुंबईत माझ्या डोक्यात तोच शब्द घुमत राहिला. चाळीची गॅलरी, कोळ्यांची वाळू, तळ्याची पायरी, गावाची खोली. शहर वाढताना घराला मोबदला मिळतो, दुकानाला मिळतो. सामाईक जागेची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे मात्र कुणी ठरवलेलं नाही. आणि आपली भजनं, सार्वजनिक गणपती, नारळी पौर्णिमा, संप, मोर्चे, सगळं जन्मलं ते याच जागांवर. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, तो कुणाच्या दिवाणखान्यात नाही.

दुपारी त्या कोळिणीच्याच घरी जेवलो. ओले बोंबील तळलेले, तांदळाची भाकरी, करलीचं कालवण. पैसे घेईना. शेवटी अर्धा किलो जवळा विकत घेतला.

जाणाऱ्यांसाठी: कोळीवाड्यात सकाळी जा, होड्या परतायच्या वेळा भरती-ओहोटीवर असतात, आदल्या दिवशी वेळापत्रक बघून घ्या. घसरणार नाहीत असे चपला-बूट घाला. माशांचा भाव केला तर विकत न घेता उठू नका, कोळिणींचा वेळ जातो.

तिसरा दिवस, शनिवार: वसई आणि सोपारा

या किनाऱ्यावर राजधान्या अनेक झाल्या. ठाणं शिलाहारांचं श्रीस्थानक होतं. सोपारा म्हणजे शूर्पारक, अपरान्ताची, म्हणजे जुन्या कोकणाची, राजधानी. वसई पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची. मुंबई वाढली तशी ही सगळी तिची उपनगरं झाली. लेकीला ही ओळ उलट दिशेनं चालून बघायची होती.

चर्नी रोडहून विरार लोकल, उलट्या दिशेनं असल्यामुळे बसायला जागा. वसईत माझ्या वडिलांचे मित्र राहतात, सामवेदी ख्रिस्ती समाजातले निवृत्त शिक्षक. मी त्यांना सर म्हणतो. स्टेशनवर स्कूटर घेऊन हजर होते, लेकीला मागे बसवलं, मला रिक्षा.

किल्ला १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होता. चिमाजी आप्पांनी घेतला आणि इथल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळावर अशी एक अजून वाजते. आत पडकी चर्चं, चिंचा, वडाच्या मुळांनी धरून ठेवलेल्या कमानी. लग्नाआधीचे फोटो काढणारी चार जोडपी वेगवेगळ्या कमानींत उभी होती. सर मात्र किल्ल्यात रमले नाहीत. "दगड बघितलेस, आता पाणी बघ," म्हणाले आणि वाडीत घेऊन गेले.

दोन्हीकडे केळी, पानवेली, मधे लाल मातीचा रस्ता, आणि वळणावर एक तळं. हे बावखळ. वसईच्या वाड्यांमधून असे शेकडो खळगे पूर्वजांनी खणले. मातीनं शेताची नि घराची पातळी उंच केली, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, ते झिरपून विहिरी गोड राहिल्या. रहाट लावून त्यावर बागा पोसल्या. समुद्र एवढा जवळ असून विहिरीला खारट पाणी येत नसे, ते या बावखळांमुळे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथली जमीन इमारतींसाठी खुली झाली आणि नव्या वस्तीसाठी विहिरींचं पाणी टँकरनं जाऊ लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती त्याविरुद्ध उभी राहिली. सरांनी त्या मोर्चांत घोषणा दिल्या होत्या. तेच फादर पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. सर सांगता सांगता थांबले, चष्मा पुसला. मग शांतपणे म्हणाले, "आमची कादोडी बोली, आमचं लाल लुगडं, आमची केळी, यातलं काहीही पाण्यावाचून राहत नाही. बावखळ बुजवलं की पहिली वाडी जाते, मग वाडीत काम करणारी माणसं शहरात नोकरीला जातात, मग बोली जाते. लोक म्हणतात संस्कृती गेली. अरे, आधी पाणी गेलं."

जुलै २०१८ मध्ये वसई दिवसच्या दिवस पाण्याखाली होती. बुजवलेल्या खळग्यांचं पाणी घरांत शिरलं. त्यानंतर काही बावखळं गावातल्या मुलांनी पुन्हा उपसली. सरांच्या वाटेवरचं त्यातलंच एक. लेकीनं त्याचाही नकाशा काढला.

सरांच्या घरी नाताळची तयारी. नातू अंगणात गोठा करत होता, शेण आणि पेंढा खरा. बाईंनी फुगे, म्हणजे पिठाचे गोल गोळे, गरम गरम तळून दिले, सोबत सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्याच सोपात बांधून ठेवतात ती सुकेळी. मधासारखी गोडी, आणि दाताखाली थोडा धूर. दोन जुड्या घेतल्या.

दुपारी नालासोपाऱ्याला. बाहेर पडल्यावर जी गर्दी लागते ती अंगावर येते. रिक्षावाल्याला 'बुरुड राजाचं कोट' सांगितलं, त्याला समजेना, 'बौद्ध स्तूप' म्हटल्यावर निघाला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप खणला. दगडी पेटीत एकात एक करंडक, सोन्याची फुलं, आठ लहान बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे मानलेले तुकडे निघाले. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथल्या भातेला तळ्यापाशी सापडला, आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. आठव्याचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आठवा लेख सांगतो, की राजे पूर्वी शिकारीच्या सहलींना जात, आता राजा धर्मयात्रेला जातो, लोकांना भेटतो. प्रवासाविषयीचाच लेख या बंदरावर कोरलेला असावा, याचा मला फार आनंद झाला. खाडी गाळानं भरत गेली आणि बंदर मागे पडलं. स्तूपाच्या माथ्यावर पाच-सहा मुलं अभ्यास करत बसली होती. खाली घरात जागा नाही, इथे शांत असतं, म्हणाली.

तिथून दहा मिनिटांवर आमच्या गावातल्या एक वहिनी राहतात. गिरगावच्या चाळीतली खोली विकून १९९८ मध्ये इथे आल्या. नव्या राजधानीतून उठलेली माणसं जुन्या राजधानीत राहायला आली आहेत, हे मला त्यांच्या घरी बसल्यावर उमगलं. "हय दारां बंद आसतत. पयली दोन वर्सां मी रडत होतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच खाली गाड्या लावायच्या जागेत सतरंजी टाकली, दर शनिवारी भजन. आता चाळीस बायका येतात, त्यात उत्तर प्रदेशातल्या आणि गुजरातीही. आम्ही होतो तेव्हा शनिवारच होता. दोन गाड्या ढकलून बाजूला लावल्या आणि टाळ सुरू झाले. लेकीनं त्या जागेचंही माप घेतलं, १८ फूट बाय २२.

जाणाऱ्यांसाठी: वसई आणि सोपारा एका दिवसात होतं, पण पहिली लोकल साडेसहाच्या आत पकडा. परतताना संध्याकाळची चर्चगेटकडची गाडी बरी असते, विरारकडच्या गाडीत मात्र चढू नका. वाड्यांमध्ये ओळखीशिवाय शिरू नये. स्तूप बघितल्यावर चक्रेश्वराचं देऊळ आणि तिथली ब्रह्मदेवाची मूर्ती जरूर बघा.

चौथा दिवस, रविवार: सभा

मंडळाची सभा गॅलरीत भरली, खोलीत मावली नसती. डोंबिवली, विरार, बदलापूर, कुठून कुठून लोक आले. ३०० चौरस फुटांची जागा मिळणार, चौदाव्या मजल्यावर. प्रश्न एकच, नाव कुणाचं? भाडेपावती १९४८ पासून एकाच्या नावावर, तो वारला, वारस पुण्यात. त्याचा नातू आला होता. सगळ्यांना वाटत होतं तो विकायचं म्हणेल. तो उठला आणि म्हणाला, "जागा आजोबांची नव्हती. मंडळाच्या नावावर करायला मी सही देतो. फक्त एक, माझी आई पुढच्या महिन्यात टाटाला यायची आहे. नवी इमारत होईपर्यंतच्या भाड्याच्या जागेत तिची सोय करा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नानांनी उठून त्याला चहा दिला.

पण पुढचं अवघड आहे, ते तिथेच बोललं गेलं. टॉवरची सोसायटी रात्री दोनला येणाऱ्या अनोळखी माणसाला वर सोडेल का? महिन्याचा देखभालखर्च वर्गणीतून निघेल का? बायकांना राहता येईल असा नियम आता तरी करायचा का? शेवटचा प्रश्न माझ्या लेकीनं विचारला. जरा शांतता झाली. मग नाना म्हणाले, "कित्याक नाय? पडदो लावया." तसा ठराव लिहिला गेला.

रात्री ट्रंक घेऊन परतीच्या गाडीत बसलो. नाना टर्मिनसवर आले होते. पिशवीत एक खुंटी होती, आजोबांची, नऊ नंबरची, भिंतीतून काढून दिली.

घरी आल्यापासून लेक खोलीचा नकाशा पुरा करतेय. ३१ खुंट्यांपैकी २७ नावं नानांनी सांगितली. गावात म्हाताऱ्या माणसांकडे फिरून आणखी तीन सापडली. बारा नंबरची, मोरीच्या बाजूला, खिडकीखालची, तेवढी राहिलीय. संपाच्या आधी तिथे एक उंच माणूस असायचा, डाव्या हातानं मृदंग वाजवायचा, एवढं नानांना आठवतं. आमच्या पंचक्रोशीतल्या कुणाला ओळख लागली तर कळवा.